खाली केलेली अ‍ॅम्बेसेडर मागून का घसरते?

प्रश्न असा: आजोबांची १८०० आयएसझेड अ‍ॅम्बेसेडर गेल्या दिवाळीत खाली करून घेतली. मागच्या कमानीतले (लीफ स्प्रिंगमधले) दोन्हीकडचे दोन-दोन पट्टे काढले, कमान आणि एक्सल (मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) यांच्यामध्ये एक इंची ब्लॉक घातला, पुढे टॉर्शन बार (पिळावर स्प्रिंगचं काम करणारा दांडा) फिरवून तोंड खाली आणलं. गाडी दिसायला झकास. पण ओल्या रस्त्यावर सिग्नलवरून उठताना उजवं मागचं चाक जागीच फिरतं. आणि इंदूरजवळच्या सिमरोलच्या चढावर थांबून परत उचलली की मागून धडधडधड आवाज येतो, अख्खी गाडी हादरते. एकजण म्हणतो जाड पट्टा घाल, दुसरा म्हणतो डिक्कीत वाळूची पोती टाक, तिसरा म्हणतो डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) वेल्ड करून टाक. काय करू?

तिसऱ्याचं ऐकू नका. वेल्ड केलेलं डिफरन्शिअल म्हणजे इंदुरातल्या राजवाड्याच्या गल्लीत प्रत्येक वळणावर एक टायर घासत नेणं, आणि पावसात वळताना शेपटी कुठे जाईल याची खात्री नाही. बाकी दोघांकडे नंतर येतो.

मी आधी पीथमपूरला एका कारखान्यात सस्पेंशनच्या कामावर होतो, नंतर सत्तावीस वर्षं इंदुरात स्वतःचं गॅरेज चालवलं. खाली केलेल्या गाड्यांचे मालक माझ्याकडे आले की नव्वद टक्के एकच वाक्य म्हणायचे, ‘खाली केली म्हणून ग्रिप गेली.’ तुमच्याही मनात तेच दिसतंय. म्हणून आधी ते तपासू, कारण चुकीच्या कारणावर खर्च केलेला पैसा परत येत नाही.

गाडी जोरात उचलली की वजन मागे सरकतं, म्हणून मागच्या चाकांना पकड मिळते. किती सरकतं, याचा हिशोब शाळेतला आहे: गाडीचं वजन, वेग घेण्याची ताकद आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार, भागिले व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. माणसांसकट १३०० किलो धरा, व्हीलबेस साधारण २.४६ मीटर, आणि बरीच दामटून उचलली असं समजून वेगवाढ ०.३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश). गुरुत्वमध्य ६० सेंटीमीटरवर असेल तर मागे येतात ९५ किलो. तुम्ही गाडी दोन इंच खाली केलीत, म्हणजे तो ५५वर आला. आता येतात ८७. फरक आठ किलोचा. पेट्रोलची टाकी अर्धी की पाऊण यानेही एवढा फरक पडतो. तेव्हा उंची कमी झाली हे तुमच्या आजाराचं कारण नाही. उंची कशी कमी केली, तिथे घोळ आहे.

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच, काढलेले पट्टे. एकेक करून सांगतो.

पहिली तक्रार उजव्या चाकाची. डावं का नाही, नेहमी उजवंच का, हे लक्षात आलं का तुमच्या? प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणारा दांडा) एक्सलला नुसता फिरवत नाही, आडवा पिळायलाही बघतो. त्या पिळाने डावं चाक जमिनीवर दाबलं जातं आणि उजवं हलकं होतं. त्याच वेळी इंजिनच्या उलट धक्क्याने बॉडी उजवीकडे झुकते आणि स्प्रिंगमधून उजव्या चाकावर थोडं वजन परत टाकते. म्हणजे निसर्गाने नुकसानीबरोबर भरपाईही ठेवली आहे. पण ही भरपाई पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगमध्ये वाटली जाते. जी बाजू ताठ, तिच्याकडे वाटा जास्त. तुम्ही मागचे पट्टे काढून मागची बाजू मऊ केलीत, पुढचे टॉर्शन बार होते तेवढेच ताठ राहिले. भरपाईचा बहुतेक वाटा पुढे गेला आणि उजवं मागचं चाक होतं त्याहून हलकं झालं.

यात आणखी एक मेख आहे. साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखीच ताकद देतं, आणि ती किती, हे हलकं चाक ठरवतं. समजा डाव्यावर २० किलो वाढले आणि उजव्यावरचे २० कमी झाले. बेरीज तीच, मग तोटा काय? तोटा असा, की आता दोन्ही चाकं उजव्याच्या हिशोबाने चालणार. म्हणजे जमिनीला लावता येणाऱ्या ताकदीतून ४० किलोंच्या दाबाची पकड गेली. वरच्या आठ किलोंशी तुलना करून बघा.

दुसरी तक्रार धडधडीची. अ‍ॅम्बेसेडरमध्ये कमान हीच स्प्रिंग आणि तीच एक्सलला जागेवर धरणारा हात. पुढच्या आयपासून (कमानीच्या टोकाचं गोल भोक) एक्सलपर्यंतचा भाग गाडीला ढकलतो. पहिल्या गिअरमध्ये चाकांवर पीळ आला की एक्सल उलटा फिरायला बघतो, पिनियनचं (शाफ्टला जोडलेल्या, एक्सलमधल्या छोट्या गिअरचं) नाक वर उचललं जातं आणि कमान इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते. वाकून वाकून ताण इतका साठतो की टायर सुटतो. टायर सुटला की कमान झटक्यात सरळ होते, टायर परत पकडतो, परत एस. सेकंदात हे कित्येक वेळा होतं, तीच तुमची धडधड. जेवढे पट्टे कमी, तेवढा एस मोठा. चढावर जास्त का होतं, तर तिथे क्लच जास्त हळू सोडता आणि ताकद जास्त लागते.

लोक या धडधडीचा दोष ब्लॉकवर टाकतात. ते अर्धवट ऐकलेलं आहे. जीप उंच करायला एक्सलच्या वर कमान असताना मध्ये ब्लॉक घालतात, तेव्हा कमान जमिनीपासून आणखी दूर जाते आणि चाकाच्या धक्क्याला मोठी तरफ मिळते. तिथे पीळ खरंच वाढतो. तुमच्याकडे कमान एक्सलखाली आहे. ब्लॉकने ती जमिनीकडे सरकली, म्हणजे तरफ उलट किंचित कमी झाली. तुमच्या एक इंची ब्लॉकला मी फासावर देणार नाही. फक्त तो लोखंडी किंवा स्टीलचा असावा, सेंटर बोल्टचं (पट्टे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं त्याच्या खड्ड्यात नीट बसलेलं असावं आणि एकावर एक दोन ब्लॉक कधीही नकोत. लाकडी ब्लॉकही पाहिले आहेत मी. त्यावर न बोललेलं बरं.

आता माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. दोन चाचण्या सांगतो, दोन्हींना मिळून शंभर रुपयेही लागत नाहीत.

पहिली कणकेची. घरातून लिंबाएवढे दोन कणकेचे गोळे आणा. एक्सलच्या वर, बॉडीला जो बंप स्टॉपचा रबर असतो, त्याखाली जिथे तो आपटतो तिथे एक्सलवर दोन्हीकडे एकेक गोळा चिकटवा. खाली जरा तेल लावा म्हणजे निघेल. मागे दोन माणसं बसवून नेहमीच्या रस्त्याने एक चक्कर मारा, एक-दोन ब्रेकर घ्या, एकदा चढावर उचला. परत येऊन गोळे बघा. तुमच्या वर्णनावरून पैज लावतो, दोन्ही पोळीसारखे चपटे झालेले असतील आणि त्यांच्यावर रबराचा ठसा उमटलेला असेल. रबर टेकला की तिथे स्प्रिंग संपली. चाक बॉडीशी जणू बोल्टने जोडलं गेलं. मग रस्त्याची प्रत्येक लाट चाकाला उडवते. माझा नियम असा, की गाडीत नेहमीची माणसं बसल्यावर उभ्या गाडीत निदान दोन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. उभ्या गाडीत एक इंचही नसेल, तर बाकी कितीही मॉडिफिकेशन करा, फुकट.

दुसरी रेघेची. कमानीच्या बाजूला, पट्ट्यांच्या चळतीवर, ब्रशने पांढऱ्या रंगाची सरळ आडवी रेघ मारा. पुढच्या आयपासून मागच्या शॅकलपर्यंत (कमानीचं मागचं टोक धरणारी झुलती पट्टी). डिक्कीखाली मोबाइल नीट बांधून व्हिडिओ चालू ठेवा आणि मोकळ्या जागी मित्राला पहिल्या गिअरमध्ये जोरात उचलायला सांगा. तुम्ही बाजूला, गाडीच्या पुढे-मागे नाही. व्हिडिओ हळू करून बघितला की रेघ एससारखी वाकून थरथरताना दिसेल. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, पण या कामाला दीडशे फूट सिमेंटची रिकामी पट्टी पुरते. चालू रस्त्यावर करू नका एवढंच.

आता इलाज. काढलेले पट्टे फेकले नसतील अशी आशा आहे. ते घेऊन चांगल्या कमानीवाल्याकडे जा. देवास नाक्याकडे ट्रकांच्या कमानी करणारे आहेत, कारच्या गॅरेजपेक्षा त्यांचा हात या कामात चांगला. त्याला सांगा, पट्टे सगळे हवेत, पण कमानीचा बाक कमी हवा. म्हणजे ताठपणा कंपनीचा राहील आणि गाडी खाली बसेल. बाक दीड इंच कमी करा, त्यावर तुमचा एक इंची ब्लॉक. एवढं पुरे, आणखी खाली न्यायची हौस असेल तर मला विचारू नका.

तिथे उभं राहून बघा, कारण कामाचा सगळा जीव इथे आहे. पट्टा प्रेसमध्ये किंवा हातोड्याने थंडच बसवायचा. त्याने गॅसची ज्योत पेटवून एखादी जागा लाल केली की हात जोडून पट्टे परत घ्या. कमानीचं पोलाद कडक करून पाणी दिलेलं असतं; तेवढी जागा लाल झाली की तिचा कडकपणा गेला, आणि चार महिन्यांत ती तिथेच बसणार किंवा तुटणार. दुसरं, प्रत्येक खालचा पट्टा त्याच्या वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकडा हवा. सुटे एकमेकांवर ठेवले की मध्ये कागद सरकेल एवढी फट दिसली पाहिजे, आणि सेंटर बोल्ट आवळला की ती मिटली पाहिजे. फट आधीच नसेल, तर टोकं सैल राहतात आणि पट्टे एकमेकांवर वाजतात. जोडण्यापूर्वी गंज घासून ग्रॅफाइट ग्रीस लावा. गंजलेली चळत आधी जाम राहते, मग एकदम सुटते, आणि तो झटका थेट टायरच्या पकडीवर येतो.

पहिल्याच्या जाड पट्ट्याबद्दल: मला काय खटकतं, तर त्याने कमानीचा पुढचा आणि मागचा दोन्ही भाग ताठ होतो. तुम्हाला ताठपणा फक्त एस रोखायला हवाय, खड्डे झेलायला नाही. अमेरिकेत क्रायस्लरवाल्यांनी १९६०च्या दशकात ड्रॅग रेसच्या गाड्यांना ज्या कमानी दिल्या, त्यांत एक्सलपुढचा भाग आखूड आणि ताठ, मागचा लांब आणि लवचिक होता, शिवाय उजवी आणि डावी कमान वेगवेगळी, उजवी जास्त ताठ. वर सांगितलेल्या उजव्या चाकाच्या रडगाण्यावर त्यांचा हा इलाज. आपण तेच घरच्या घरी अर्धंमुर्धं करू शकतो. पुढच्या भागावर, एक्सल आणि आयच्या मध्ये, पट्ट्यांची चळत घट्ट बांधणारे दोन क्लॅम्प लावा. मागच्या भागावरच्या क्लिपा सरकण्यापुरत्या सैल ठेवा. आधी एकेकच लावून बघा, आणि उजवीकडे दुसरा हवा का ते नंतर ठरवा. क्लॅम्पच्या कडा गोल घासून घ्या, कारण धारदार कड जिथे टेकते तिथूनच पट्टा चिरतो.

बहुतेक वेळा एवढ्याने धडधड थांबते. नाही थांबली तर ट्रॅक्शन बार, म्हणजे एक्सलचा पीळ अडवणारा दांडा, आणि इथे मी स्वतः खाल्लेला मार सांगतो.

नव्वदीच्या दशकात एका गिऱ्हाइकाच्या पद्मिनीला मी मोठ्या अभिमानाने बार बनवला होता. जाड पाइप, एक टोक एक्सलखालच्या प्लेटला, दुसरं बॉडीच्या तळाला वेल्ड केलेल्या ब्रॅकेटला, दोन्ही टोकांना बोल्ट आणि बुश. गाडी सुरेख उठली. आम्ही दोघं खूश होऊन महूवरून जाम गेटकडे निघालो. दरवाज्याच्या अलीकडे एका ब्रेकरवर टण्णकन आवाज आला आणि मागून पत्रा फाटल्यासारखं वाटलं. खाली वाकून बघतो तर ब्रॅकेट तळाच्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा घेऊन लोंबत होतं. चूक माझी. कमान दबते तेव्हा एक्सल एका वर्तुळावर फिरतो, माझा बार दुसऱ्याच वर्तुळावर फिरत होता. दोघांची ओढाताण झाली, आणि त्यात सगळ्यात कमकुवत होता तो पत्रा हरला. गिऱ्हाईक सज्जन होते. परतीच्या वाटेवर ते काहीच बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून बार एकाच बाजूने पक्का. मागचं टोक एक्सलखाली यू बोल्टच्या प्लेटला घट्ट, पुढचं टोक मोकळं, त्यावर रबराचा गुटका, आणि तो गुटका कमानीच्या पुढच्या आयच्या बरोबर खाली. मधल्या पट्ट्याखाली नको, नाहीतर पट्टाच वाकेल. आय आणि गुटक्यात बोटभर फट. साधी गाडी चालताना बार कशालाच शिवत नाही. एक्सलने नाक उचललं की पुढचं टोक वर येऊन आयला टेकतं आणि पीळ तिथेच संपतो. पण तुमची गाडी खाली आहे आणि हा बार आणखी खाली लोंबतो. तुमच्या कॉलनीतल्या ब्रेकरवर तो घासणार असेल तर क्लॅम्पवरच समाधान माना. हे तुमच्या रस्त्यावर अवलंबून आहे, इथे बसून मी सांगू शकत नाही.

कमान सपाट झाल्यावर दोन गोष्टी बिघडतात त्या बघून घ्या. मागचा शॅकल: कमान दबली की लांब होते आणि शॅकल मागे झुकतो. उभ्या गाडीतच तो पूर्ण मागे गेला असेल तर लांब व्हायला जागा नाही, आणि कमान अडते. दुसरं पिनियनचा कोन. मोबाइलमधल्या लेव्हलच्या अ‍ॅपने प्रोपेलर शाफ्टचा आणि पिनियनचा उतार मोजा. पिनियनचं नाक शाफ्टच्या रेषेपेक्षा दोन-तीन अंश खाली हवं, म्हणजे ताकद आल्यावर उचलून ते सरळ रेषेत येतं. कमी-जास्त असेल तर कमान आणि एक्सलमध्ये पाचरीसारखी शिम. साठ-सत्तरच्या वेगाला जमिनीतून गुणगुण येत असेल तर बहुतेक हेच, आणि मग शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस लवकर जातात.

शॉकअप. जुनेच असतील तर खाली केलेल्या गाडीत ते जवळजवळ मिटलेलेच बसतात आणि आतून तळाला आपटतात. एक काढा, पूर्ण मिटलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी मोजा, मग गाडीवर असतानाची मोजा. निदान चाळीस टक्के चाल वर जायला शिल्लक हवी. नसेल तर आखूड शॉकअप शोधा. तेल गळत असेल तर धडधडीला अर्धा हात त्यांचाही असतो.

टायरचं खरं तर आधी विचारायला हवं होतं. बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. आजोबांची गाडी कमी चालत असेल तर नक्षी नवी दिसेल आणि रबर लाकूड झालेलं असेल. नखाने दाबून बघा. सहा-सात वर्षांपेक्षा जुने असतील तर वरचं सगळं करण्यापूर्वी ते बदला. सकाळी धुतलेल्या ओल्या सिमेंट रोडवर त्यांच्याकडून पकडीची अपेक्षा चुकीची आहे.

वाळूची पोती. ५० किलोचं पोतं एक्सलच्या मागे डिक्कीत टाकलं तर मागच्या चाकांवर साठेक किलो पडतात, पुढचं तोंड दहाएक किलोंनी हलकं होतं. पकड थोडी वाढेल, पण तुमच्या गाडीत ती साठ किलो थेट बंप स्टॉपवर बसतील. कणकेची चाचणी आठवा. शिवाय पावसात वळताना शेपटीला एवढं वजन लटकवणं मला पटत नाही.

अशाच उत्तराच्या शोधात आलेल्या स्विफ्ट-पोलोवाल्यांसाठी एक ओळ: तुमची गाडी पुढून ओढते. मागचं सस्पेंशन बदलून चाक फिरायचं थांबणार नाही. मागचा ताठपणा फक्त वळणात कोणतं टोक आधी सरकेल ते बदलतो.

आणि कागदाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा सूर एकच आहे: कंपनीने जसं बनवलं त्यात परवानगीशिवाय फेरफार नको. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नूतन करायला गाडी दाखवावी लागते. म्हणून काढलेला, बदललेला प्रत्येक भाग नाव लिहून जपून ठेवा आणि ब्लॉकचं, बारचं काम करण्याआधी आरटीओत विचारा.

एका वेळी एकच बदल करा. आधी पट्टे आणि कणीक, मग क्लॅम्प, मग शॉकअप. प्रत्येक वेळी तीच जागा, तीच माणसं, तोच हवेचा दाब. सगळं झाल्यावर दीडशे किलोमीटर चालवून यू बोल्ट परत आवळा, कारण नव्याने बसवलेले पट्टे हमखास दबून बसतात आणि बोल्ट सैल पडतात. त्याच वेळी सेंटर बोल्टकडेही टॉर्च मारून बघा, आणि ब्लॉक जागचा हलल्याची चमकदार खूण दिसली तर गाडी पुढे नेऊ नका.